लोखंडी वड

मंगळवार, संध्याकाळ. धुळे.

डॉक्टर म्हणाले, आता सुमनला घरी न्या. त्याचा अर्थ मला कळला.

इस्पितळाच्या दालनात राष्ट्रीय वृक्ष म्हणून लोखंडी वड उभारलाय. शाळेतल्या कवितांमधले वड सावली द्यायचे. याच्या पारंब्या तर जमिनीला टेकतही नाहीत. तरी उपरण्याचा दोरा काढून मी खोडाला गुंडाळू लागलो.

पहारेकरी हसला, "आबा, हाई ते बायासनं काम शे!"

"मन्ही बायको वर आजारी पडेल शे, भाऊ."

त्यानं आपली खुर्ची बाजूला घेतली, मला फेरी घालता यावी म्हणून.

त्या अधांतरी पारंब्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. दर वटपौर्णिमेला सुमननं माझं आयुष्य मागितलं. ते मिळालं, म्हणूनच मी मागे राहतोय का?