न प्यालेल्या दारूची शपथ

अण्णा, मला एका चौथीतल्या मुलीचा हेवा वाटतो, आणि हे सांगावे असा माणूस तुमच्याशिवाय कोणी सुचत नाही. तिचे वडील तुमच्यासारखेच चालतात: पाय फाकवून, जमिनीवर विश्वास नसल्यासारखे. बोलताना त्यांचे शब्द जिभेवरून घसरतात. ती त्यांचा हात धरून चालते, आणि रस्त्यात कोणी हसले तर थांबून सांगते, "पेलेले न्हाईत ते. आजार हाय त्यायला." मला शाळेत इतकी बक्षिसे मिळाली, त्या वयात हे एक वाक्य मात्र कोणी दिले नाही.

तुम्ही जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात कापड मोजत, फाडत होता. शाळा सुटली की मी ताग्यांच्या आडोशाला पुस्तक घेऊन बसायचे. पुढे तुमची कात्री वाकडी जाऊ लागली. शेठजी गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणतात, "आज घरी जा, भाऊ. उतरली की या." तुम्ही हसता, आणि तुमच्या हसण्याचाही तोल गेलेला असतो. घरी आई तुमच्या तोंडाजवळ नाक नेते. वास येत नाही, म्हणून तिला वाटते, तुम्ही वेलची चघळून आला आहात. शेवटी आईचे वडील तुम्हाला राजूरला गणपतीपुढे नेतात. "नारळावर हात ठेवा, जावईबापू, अन् सोडली म्हणा." तुम्ही म्हणता, "मामा, जी कधी धरलीच न्हाई ती सोडू कशी?" "समदे आसंच म्हंतात," ते म्हणतात. तुम्ही आईकडे पाहिले, आणि केवळ तिच्या समाधानासाठी म्हणालात, "बरं, सोडली." कधी न केलेली गोष्ट तुम्ही त्या दोन शब्दांत कबूल करून बसलात. पुढच्याच आठवड्यात भर गल्लीत तुमचा तोल गेला, आणि तोवर नुसते दारुडे असलेले तुम्ही देवाची शपथ मोडणारे ठरलात. दारुड्याला आईने कदाचित सहन केले असते. ती मला घेऊन तीर्थपुरीला माहेरी आली. तुम्ही एकटे राहिलात, आणि एकटेच गेलात.

पुष्कळ वर्षांनी आत्याचे पाय तसेच पडू लागले. देवाच्या तीर्थापलीकडे काही न घेतलेल्या बाईला दारुडी म्हणायला कोणाची जीभ रेटेना. म्हणून तिला मोठ्या डॉक्टरांकडे नेले. रक्ताच्या तपासणीतून कळले की हा लहान मेंदू झिजवत जाणारा, पिढ्यांतून उतरणारा दुर्मीळ आजार आहे. तो माझ्यातही असू शकतो. माझी तपासणी मी अजून केलेली नाही. आत्याला सोबत म्हणून मी जालन्यात अशा कुटुंबांच्या दरमहाच्या मेळाव्याला जाऊ लागले. तिथे मी फारसे बोलत नाही. घास घशात अडकू नये म्हणून कसे भरवावे, न्हाणीघरात धरायला दांडी कुठे लावावी, हे इंग्रजीतून सोप्या मराठीत उतरवून देते.

त्या मुलीची आई पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "आजार आसंल, पर दारूनंच झाला आसंल. येत्या चतुर्थीला राजूरला नेऊन राह्यले. शपथ घेऊन बी सुधरले न्हाईत, तर पोरीला घेऊन मी निघाले." नवरा मान खाली घालून म्हणाला, "घेतो म्हणलं ना. बात खतम." आणि मी, जिला वर्गात हजेरी देतानाही घाम फुटायचा, उभी राहिले. तुमची सगळी हकिगत सांगितली. म्हणाले, "भाऊ, ती शपथ घेऊ नका. ती घेतली की हे चालणे आजाराचे राहत नाही, पापाचे होते." बाईने विचारले, "मंग तुमच्या आईनं काय केलं?" "मला घेऊन निघाली," मी म्हणाले. ती कितीतरी वेळ नवऱ्याच्या एका बाजूने झिजलेल्या चपलांकडे पाहत राहिली. चतुर्थीला ते राजूरला गेले, पण नुसते दर्शनाला.

सगळ्यांनी माझे कौतुक केले. मी मात्र आतून जळत होते. आपल्या मोडलेल्या संसाराची गोष्ट सांगून मी दुसऱ्याचा वाचवला, आणि तो वाचलेला मला पाहवेना. ती तिघे एका रिक्षात बसून घरी जातात, तेव्हा मी दुसरीकडे पाहते.

हे पत्र कुठेच जाणार नाही. आईच्या हाती तर मी ते मुळीच लागू देणार नाही. म्हणून शेवटचे तेवढे लिहून टाकते. परवाच्या मेळाव्यात ती मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. मी तुमच्याविषयी बोलले तेव्हा ती बाहेर खेळत होती, त्यामुळे तिला काही ठाऊक नाही. म्हणाली, "ताई, माझे पप्पा भिंतीला न धरता आख्खं आंगण चालले. तुमचे चालतेत का?"

"माझे तर बाजारातून एकटे भाजी घेऊन येतात," मी म्हणाले.

"एकटे?"

"बिलकुल एकटे. पिशवीसुद्धा कोणाला धरू देत नाहीत."

तिचे तोंड जरासे उतरले, आणि अण्णा, मला फार बरे वाटले.