शेंगाचटणीचा नवस

६ मार्च
नवसाला आज तीन वर्षं झाली. दानूनं मला तोंडानं ‘अव्वा’, म्हणजे आई, म्हटल्याशिवाय शेंगाचटणी खाणार नाही, असं सिद्धरामेश्वराला बोलले होते. पोरीला जन्मापासूनच ऐकू येत नाही, हे डॉक्टरांनी तेव्हा नुकतंच सांगितलेलं. सोलापुरात राहून चटणी नाही! माझ्या वाटणीची हे खातात — वाया जायला नको म्हणून.

९ मार्च
दानूच्या मूकबधिर शाळेतल्या हेमावतीबाई घरी आल्या. म्हणाल्या, ती हातांनी भरपूर बोलते, तुम्हीही शिका. मी म्हटलं, हातांची सवय लागली तर तोंड आळशी होईल. बाई हसून आणखी सांगू लागल्या.
दानूनं सगळ्यांना हातांची नावं ठेवलीत म्हणे. ह्यांचं — मिशीला पीळ. सासूबाईंचं — गालात पान. माझं — बोटानं बटण दाबणं. म्हणजे घरभर दिवे-पंखे बंद करत फिरणारी बाई! हे इतके हसले की ठसका लागला. चटणीचाच.

११ मार्च
दिवसभर दानू माझ्यापुढं बटण दाबतेय. सासूबाई म्हणाल्या, “पोरगी हाक मारतीया की तुला. सोड आता नवस.”
मी म्हटलं, नवसात ‘तोंडानं’ असं आहे.
“देव काय वकील हाय व्हय गं?”

१२ मार्च
देवळात जाऊन सिद्धरामेश्वरालाच विचारलं — ते बटण हाक म्हणून धरायचं का? तो काही बोलला नाही. तोंडानं तो कधीच बोललेला नाही म्हणा. तरी इतकी वर्षं मला कळतंच की त्याचं.

१५ मार्च
संध्याकाळी स्वयंपाकघरात दानू शाळेतलं काहीतरी सांगत होती. भाकरी झाल्या तसा मी सवयीनं दिवा बंद केला. तिचे हात हवेत तसेच राहिले. मग हळूच खाली गेले.
अंधारात ती बोलणार कशी? विजेचं बिल वाचवायला रोज संध्याकाळी मी पोरीला गप्प बसवत होते. इतके दिवस!
दिवा लावला. तिनं पहिल्यापासून सुरू केलं. माकड, घंटा आणि बहुतेक मी — एवढंच कळलं.

१६ मार्च
दानूनं बटण दाबलं. मी ओ दिली. चटणी खाल्ली — दह्याबरोबर, वाटीभर. हे कुरकुरले. दिवा अजून चालू आहे. तिचं बोलणं संपलेलं नाही.