मीठ आधी, लिंबू नंतर

४ मार्च, सोमवार

फोटो काढला कुणीतरी! माझ्या चिकनचा!

गल्ल्यावरच्या चष्मेवालीनं दुपारी फोन थेट माझ्या नाकासमोर धरला. "बघ बघ, फेमस झालीस!" ताटलीत दोन तंगड्या, त्यांवर जाळीचे काळे पट्टे, बाजूला लिंबाची फोड आणि पाव. खाली खानावळीचं नाव, पत्त्यासकट. हजारो लोकांनी बघितलाय म्हणे. माझा चेहरा कुठंच नाही, मी तीनदा बघितलं. तरी चौथ्यांदा बघितलं.

मालक खूश. लगेच दारात फळा लावला – 'आमचं प्रसिद्ध लिंबू-चिकन'. प्रसिद्ध! सात महिने जिवाचा आटापिटा केला कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. केस कापले. नाव बदललं. सहा वर्षांच्या भिंगरीकडून नवं नाव घोकून घेतलं. पोरगी शाळेत एकदाही चुकली नाही. आणि आता ही मेली कोंबडी मला चव्हाट्यावर आणणार.

तो म्हणाला होता, "कुठंही जा, ओढून आणीन. आणि पोरगी माझी आहे, ती तर मिळणारच नाही तुला." नवरा म्हणून त्यानं दिलेला शब्द एवढा एकच पाळलाय – मारीन म्हणाला की मारायचा. म्हणून भीती वाटते. दुसरं काही नाही.

मालकांना वाटतं मी लाजतेय!

५ मार्च, मंगळवार

काही झालं नाही. दार वाजलं की मी आधी मागच्या दाराकडे बघते. खानावळीचं दार दिवसातून दोनशे वेळा वाजतं.

६ मार्च, बुधवार

तीन ते पाच चूल बंद असते, तेव्हा मागच्या खोलीत बसून लिहितेय. भिंगरी शेजारी गणितं करतेय आणि पेन्सिल चावतेय.

डोकं लावून विचार केला. फोटोत मी नाही. नाव नाही. मग कशावरून ओळखेल? तर चिकनवरून! सात वर्षं दर रविवारी मी हेच करून घातलंय त्याला. दुसरं चिकन येतंय कुठं मला?

तेही माझं नाहीच. सासूबाईंनी शिकवलेलं. लग्नाला महिनाही झाला नव्हता, मी सगळं एकदम कालवायला निघाले तर त्यांनी मनगट धरलं. तंगडीला आधी दोन तिरके चिरे, हाडापर्यंत. मग मीठ, ठेचलेला लसूण, मिरी – आणि तासभर हात लावायचा नाही. मग तेल, कोथिंबीर, पुदिना, आणि ओव्याची पानं हातानं चुरगळून. लिंबू सगळ्यात शेवटी, शेगडीवर टाकायच्या अर्धा तास आधी. रस, आणि थोडी साल किसून. लिंबू फार वेळ राहिलं की मांस वरून पांढरं पडतं, शिजल्यासारखं दिसतं, आणि आतून असतं कच्चं. बाई दिवसभरात चार वाक्यं बोलायची, त्यातली तीन चिकनबद्दल.

ओव्याची पानं आणखी कोण घालतं? इथं तरी कुणी नाही. आणि मी शहाणी, आल्या आल्या मागच्या दाराशी कुंडी लावून मोकळी! घराची आठवण येत होती म्हणे. कसली आठवण ती, मार खाल्ल्याची?

मालक आज पुन्हा म्हणाले, "हाताला चव आहे हो तुमच्या." केस कापता येतात. हाताचं काय करू?

७ मार्च, गुरुवार

माझी पाचावर धारण बसलीय. अक्षर बघ कसं आलंय.

चष्मेवाली सांगत आली – "एक म्हातारीशी बाई आली होती. एकटीच. कोपऱ्यात बसली, चिकन मागवलं, आणि इतकं सावकाश खाल्लं की मला वाटलं झोप लागली की काय!" मग गल्ल्यावर येऊन विचारलं म्हणे, "कोण करतं हे?" ही म्हणाली, आमच्याकडे एक ताई आहेत. "कुठल्या?" ही म्हणाली, ते नाही माहीत. देव भलं करो चष्मेवालीचं, तिला खरंच माहीत नाही.

पैसे दिले आणि गेली.

कशी होती दिसायला? तर म्हणे, "म्हातारी असते तशी!" चष्मा काय शोभेला लावते ही?

त्याच्याकडची कुणी असेल. मावशी, आत्या, शेजारीण. त्यानंच पाठवली असणार, चव बघून ये म्हणून. मी चव बदलणार. उद्यापासून.

८ मार्च, शुक्रवार

सकाळी सहाला सगळं उलटं केलं. लिंबू आधी, भरपूर. मीठ शेगडीवर टाकताना. ओव्याची पानं नाहीत – कुंडी उचलून शेजारच्या कपडे धुणाऱ्या बाईच्या अंगणात ठेवून आले. चिरे आडवे मारले. मुद्दाम एवढं वाईट करायलाही कष्ट पडतात हो! हात आपोआप मिठाकडे जात होता, दोनदा मागं ओढला.

दुपारपर्यंत मांस खडूसारखं पांढरं. भाजलं तर चामडं. पहिल्याच गिऱ्हाइकानं ताटली परत पाठवली. मग दुसऱ्यानं. रोज येणारा बसचा ड्रायव्हर आत डोकावून म्हणाला, "ताई, भांडण झालं का कुणाशी?" त्याच्या तोंडाकडे बघवेना. मालक चिडले नाहीत, तेच वाईट. नुसते म्हणाले, "फळा लावलाय हो आपण. लोक लांबून यायला लागलेत. तुमचं काही दुखतंय का?"

सगळंच दुखतंय. पण सांगते कुणाला?

आणि साडेतीनला चष्मेवाली आत आली. "ती कालची म्हातारी आली होती ग. दोन घास खाल्ले आणि बाजूला सारलं. मी म्हटलं, आवडलं नाही का? तर हसली. म्हणाली, आतल्या बाईंना सांगा – मीठ आधी, लिंबू नंतर."

माझ्या हातातली परात पडली.

सासूबाई आहेत.

त्याची आई इथं आलीय. म्हणजे तोही आलाय. बाहेर कुठंतरी गाडीत बसला असेल.

८ मार्च, पुन्हा

भिंगरीला शाळेतून स्वतः आणली. येताना प्रत्येक थांबलेल्या गाडीत वाकून बघत होते, लोकांना वेडी वाटले असेन. गाड्यांत कुणी नव्हतं.

सासूबाईंनी मला कधी हात लावला नाही, हे खरं. कधी टाकून बोलल्याही नाहीत. पण तो मारायला लागला की त्या स्वयंपाकघरात जायच्या आणि नळ सोडायच्या. भांडी नसली तरी. पाण्याचा आवाज येत राहायचा, आणि तो थांबला की पाणी थांबायचं. सात वर्षांत एकदाही बाहेर आल्या नाहीत. मी पोलिसांत गेले होते, तेव्हा हवालदारानं विचारलं, "कुणी पाहिलं का?" मी म्हटलं, सासू घरात होती. ते घरी आले विचारायला, तर या म्हणाल्या, "मी कामात होते." पोलीस परत गेले. त्या दिवशी किती मारलं, ते इथंही लिहायचं नाही मला.

तर अशी ही बाई. ती माझ्या बाजूनं आलेली नाही, एवढं मला कळतं.

९ मार्च, शनिवार

उद्या सकाळच्या पहिल्या बसनं निघायचं. कुठं, ते स्टँडवर ठरवू. पिशव्या भरल्या. भिंगरी विचारते, "आता माझं नाव काय ठेवायचं?" मी तोंड फिरवून रडले.

आजचा दिवस भरून द्यायचा. सत्तर ताटांची आगाऊ मागणी आहे, मालकांना तोंडघशी पाडवत नाही. चिकन नेहमीसारखंच केलं. आता लपवून काय उपयोग?

९ मार्च, संध्याकाळी पाच

लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारी मागच्या दाराशी लसूण सोलत बसले होते. पायांवर सावली पडली. मान वर केली तर सासूबाई. आधीच बारीक, आता नुसती हाडं राहिलीत. हातात कापडी पिशवी. मी लसणाची सुरी हातात धरून उठले! सासूवर सुरी! पण उठले खरी.

"कुठं आहे तो?" मी विचारलं.

"घरी."

"खोटं बोलू नका."

"मी एकटीच आले," त्या म्हणाल्या. "मंगळवारीच निघाले. स्टँडजवळच्या लॉजवर उतरलेय. बसू का जरा? गुडघे दुखतात."

मी बसा म्हटलं नाही. त्या बसल्या, पायरीवर. भिंगरी आवाज ऐकून बाहेर आली आणि माझ्यामागं लपली. आजीकडे गेली नाही. त्यांनीही हात पुढं केला नाही, नुसतं बघत राहिल्या.

मग तुटक तुटक सांगत गेल्या. फोटो त्यानंच दाखवला म्हणे! जेवताना फोन त्यांच्यापुढं धरला आणि म्हणाला, "हे बघ, असलं काही करत जा की कधीतरी."

मला कळेचना. "ओळखलं नाही त्यानं?"

"त्यानं कधी ताटाकडे बघून खाल्लंय का ग?"

सात वर्षं! सात वर्षं दर रविवारी! मी हसायला लागले.  पाच रात्री झोपले नाही मी, गिऱ्हाइकांच्या पोटात खडू घातला, आणि तो बाबा फोटो बघून आईला म्हणतो, असलं करत जा.

त्यांनी मात्र चिरे बघूनच ओळखलं. तरी खात्री नव्हती, म्हणून खाऊन बघितलं. "गुरुवारी वाटलं, तूच. शुक्रवारी खात्रीच झाली. इतकं सगळं नेमकं उलटं कोण करेल? ज्याला नीट येतं तोच." म्हणजे लपायला गेले आणि तिथंच सापडले! माझ्यासारखी मीच.

"कशाला आलात?" मी विचारलं. गोड नाही विचारलं.

 त्यांनी पदर खांद्यावरून जरा बाजूला केला. मानेखाली पिवळा-निळा डाग, चार बोटांचा. मला ते रंग माहीत आहेत. पिवळा म्हणजे आठवडा झाला.

"तू गेल्यावर घरात मीच उरले," म्हणाल्या. तक्रार नव्हती आवाजात. भाव सांगावा तसं सांगितलं.

मला दया आली का? आली. आणि रागही आला, इतका की डोळ्यांपुढं अंधारी आली. म्हटलं, "आता कळलं का, दुसरं कुणी नळ सोडून उभं राहिलं की कसं वाटतं ते?" लागेल असं बोलले. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं होतं, बोलल्यावर बरं वाटेल. नाही वाटलं.

खोलीत घेतलं त्यांना. आणखी काय करणार होते?

१० मार्च, रविवार

पहिल्या बसनं गेले नाही.

काल रात्रभर सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या, मी दाराशी चटई टाकून बसले होते. विश्वास नाही बसत. उद्या पोराची माया दाटून आली आणि फोन केला तर? आईच ती. डाग पिवळे पडतात, मग जातात. मला तरी किती वेळा वाटलं होतं, सुधारेल म्हणून.

त्यांची पिशवी तपासली. त्या बघत असतानाच. दोन लुगडी, औषधं, कंगवा. फोन नाही. "घरीच ठेवला, पिठाच्या डब्यात," म्हणाल्या. "वाजत असेल."

पण आई हरवली म्हणून तो शोधणारच. मला शोधलं नसेल इतकं तिला शोधेल. घरात करणारं कुणी नाही आता. आज ना उद्या इथवर येईल. तिघी कुठं पळणार? एक गुडघेदुखीची, एक सहा वर्षांची, आणि एक मी, कोंबडी भाजणारी.

दुपारी भिंगरीनं आजीला विचारलं, "तुझं पण नाव बदलायचं?"  मला दिसलं, त्यांना ते लागलं.

आता रात्री नुसत्या कूस बदलतायत. मला वाटतं, झालं, परत जायचा विचार चाललाय.

११ मार्च, सोमवार

सकाळी जाग आली तर सासूबाई अंघोळ करून, केस विंचरून दारात उभ्या. पायात चपला.  म्हटलं, "निघालात परत?"

"पोलीस चौकीत. तूही चल. तेव्हा विचारायला आले, तर मी खोटं बोलले."

 मी म्हटलं, "आई, ते लोक नुसतं मारलं म्हणून ऐकत नाहीत हो. कधी, कुठल्या दिवशी, सगळं विचारतात. सात वर्षांचं आता कुणाला आठवणार?"

"तारखा मला पाठ आहेत," त्या म्हणाल्या.