स्तुतीखालची रेघ

३ तारीख, सोमवार
मास्तरांनी वाटायला पत्रक लिहून छापखान्यात आणलं. उमेदवारसाहेबांवर! खाली नाव नाही, फक्त 'एक मतदार'. मी घाबरतच वाचलं, तर सगळी स्तुती — "साहेबांना आपपरभाव नाही. दुसऱ्याचं तेही ते आपलंच मानतात. साहेबांना शत्रू नाहीत. एकही उरला नाही."
मास्तर म्हणाले, याला व्याजस्तुती म्हणतात. फुलांचा हार, आत काटा. मी नववीत शाळा सोडली, एवढं कुणी शिकवलंच नव्हतं. उपरोध कुठे, अतिशयोक्ती कुठे, सगळं समजावलं. आता चटकन दिसतं. मजा वाटते!

५ तारीख, बुधवार
छापण्याआधी मी मजकूर मोठ्याने वाचतो, मालक मूळ कागद बघतात. वाचताना आवाज चढवायचा नाही, हसायचं नाही — नाहीतर चूक निसटते. आज मास्तरांचं पत्रक तसंच सपाट वाचत होतो. साहेबांचा चष्मेवाला माणूस त्यांच्या प्रचारपत्रकाचं काम घेऊन बाकावर बसलेला, ते मला उशिरा दिसलं.
तो उठून म्हणाला, "वा! हे आमच्या पत्रकात घ्या. पहिल्या पानावर."
मालक नाही म्हणाले असते तर कारण सांगावं लागलं असतं. त्यांनी मान डोलावली. मीही.

८ तारीख, शनिवार
घरोघर साहेबांची पत्रकं पोचली. न्हाव्याने आरशावर चिकटवलंय. गिऱ्हाइकं फेस लावलेल्या तोंडाने वाचतात आणि हसतात. आई म्हणाली, तू रस्त्यात हसू नकोस.

९ तारीख
न्हाव्याचं दुकान बंद. आरसा फुटलेला. कुणी हसत नाही.

१० तारीख, सोमवार
चष्मेवाला आला. शांत. कुणी लिहिलं, विचारलं. मालक म्हणाले, टपालाने आलं.
मग माझ्याकडे वळला. "त्या दिवशी तुझ्या हातातला कागद वाजत होता. मला वाटलं, पंख्याने. तुला कळतं हे सगळं. उद्या बंगल्यावर ये."

११ तारीख
साहेब स्वतः भेटले. चहा दिला. रागावले नाहीत! फक्त पुन्हा फसायचं नाही म्हणाले. रोज सगळी वर्तमानपत्रं, साप्ताहिकं वाचायची. खोटी स्तुती दिसली की खाली लाल रेघ. बस्स.
निघताना म्हणाले, "तुझी आई पहाटे खालच्या नळावर जाते ना? जिना निसरडा आहे. जपायला सांग."
मी त्यांना घर कुठे ते सांगितलंच नव्हतं.

१३ तारीख, गुरुवार
मास्तर भेटले. आता कुठे जातो ते त्यांना सांगितलं नाही. ते खुशीत होते. साप्ताहिकात लेख देतायत, या वेळी नावानिशी. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काटा असा लपवलाय, तुझ्याशिवाय कुणाला दिसायचा नाही."

१५ तारीख
साप्ताहिक आलं. चष्मेवाला मागे उभा होता.
मास्तरांच्या लेखात, चौथ्या ओळीखाली लाल रेघ ओढली. पट्टी लावून, सरळ.