अडीच किलो येसर

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ७
आजपासून घरातले छोटे छोटे आनंद शोधणार. मोबाईलवर एक बाई सांगत होती. बाई मूर्ख, पण मुद्दा बरोबर. रविवारी गंधाली येतेय, वर्षभराने. लेक दोन दिवस तरी राहिली पाहिजे. म्हणून संकल्प दोन: स्वयंपाक मी करणार. चिडणार नाही.

७.२०
नीलाने चहात साखर कमी टाकली. बोललो. हे चिडणं नव्हे, फीडबॅक.

६ जानेवारी
गंधालीला येसराची आमटी जीव की प्राण. गेल्या संक्रांतीला तिने स्वतः केली होती. मी म्हणालो, म्हशीपुढे ठेवली तर म्हैस उठून जाईल. साधा विनोद. जावयासमोर केला, एवढंच. संध्याकाळच्या गाडीने गेली ती गेलीच. हल्लीच्या पोरींना ह्यूमर नाही.

नीला येसरासाठी बाजरी, गहू, डाळ, धणे, मिरच्या सगळं वेगवेगळं भाजते. दोन दिवस घालवते. मी सगळं एकाच कढईत टाकलं. पंचवीस मिनिटांत खेळ खलास. नीला म्हणे, अहो, मिरच्या जळून राह्यल्या अन् डाळ कच्चीच हाय. तिला सांगितलं, याला स्मोकी म्हणतात.

८ जानेवारी
गिरणीवाला भुजंग नालायक आहे. म्हणे, काका, गव्हाच्या चक्कीवर मसाला बिलकुल दळणार न्हाई, मिरचीची चक्की बंद हाय, सोमवारी या. पाहुणे रविवारी अन् येसर सोमवारी! तो चहाला गेला तसं मीच गव्हाच्या चक्कीत ओतून बटण दाबलं. स्वावलंबन हाही एक छोटा आनंद.

९ जानेवारी
गल्लीभर बोंब. सगळ्यांच्या पोळ्या तिखट. माझ्यामागे पहिला नंबर आमच्याच गव्हाचा होता, असं नीला सांगते. भुजंगने बघायला नको? जाऊन झापलं.

११ जानेवारी, रविवार. दुपारी १२
गंधाली आली. जावई नाही, त्याला काम आहे म्हणे. रविवारी? विचारलं नाही. संयम! आमटी उकळतेय. रंग काळा, पण रुबाबदार.

दुपारी २
वाटी संपवली! दुसरी वाढली, तीही संपवली. डोळ्यांत पाणी आलं पोरीच्या. म्हणाली, बाबा, छान झालीय. नीलाकडे मुद्दाम बघितलं.

संध्याकाळी ६.३०
गेली. राहा म्हटलं तर म्हणे, बघू पुढच्या वेळी. जाताना तिने नीलाच्या आधीच्या येसराचा डबा पिशवीत घातला. माझा ओट्यावरच.

वाढण्याच्या नादात माझं जेवण राहिलं होतं. आत्ता बसलो. पहिलाच घास कडूजहर. घशाखाली उतरेना.

दोन वाट्या खाल्ल्या पोरीने. वर छान म्हणाली. गेल्या संक्रांतीला मला एवढं साधं खोटं बोलता आलं नाही. लाज वाटतेय.

नीलाने विचारलं, अडीच किलो उरलंय, फेकून देऊ का? म्हटलं, राहू दे. मी खाईन.