माथ्यावरची खूण

ה׳

बीरशेबा
रविवार, २ जून १९५७

तीर्थरूप बाबांस दानियलचे साष्टांग शालोम, वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. मोतीबिंदू वाढला असूनही तुम्ही मशिदीत पुढे उभे राहून प्रार्थना चालवता, हे शकूताईने लिहिलं आहे. सगळी पाठच आहे तर पुस्तक कशाला हवं म्हणा. पनवेलला आपण बेने इस्राएल प्रार्थनाघराला मशीद म्हणतो हे इथे कुणाला सांगितलं की हसतात.

आमच्याकडे मात्र बरं नाही. एस्तेरच्या अंगावर सूज आली आहे. आधी डोळ्यांखाली, मग पायांवर, आता पोटावरही. डॉक्टर म्हणतात मूत्रपिंड बिघडलं आहे. तीन वर्षांची पोर, पाणी मागते आणि आम्ही घोट-घोट देतो. काही खात नाही. मी आठवडाभर खाऱ्या समुद्राकाठच्या कारखान्यात असतो, शुक्रवारी घरी येतो. तोवर सिपोरा एकटी. तिला इथली भाषा येत नाही आणि कुठलीच वाचता येत नाही. चिरनेरची पोर रेतीत आणून टाकलीत, असं ती मला ऐकवते.

शेजारी मोरोक्कोची माणसं आहेत. त्यांच्यात, आणि म्हणे पूर्वी आपल्यातही, दुखणं हटेना की आजाऱ्याला नवं नाव जोडतात. म्हणजे वरून ज्याच्या नावाचं बोलावणं निघालं असेल तो माणूस सापडत नाही. शेजारीण म्हणते हया ठेवा, म्हणजे जिवंत. सिपोरा ऐकत नाही. मामंजी देतील तेच नाव लागू पडेल, असं ती धरून बसली आहे. माझा असल्या गोष्टींवर किती विश्वास आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, पण पोरीचं तोंड बघवत नाही. तुम्ही नाव कळवा, आणि लवकर कळवा.

आणखी एक. परवा वाण्याने खारे ऑलिव्ह ज्या कागदात बांधून दिले तो कुणाच्या तरी पत्राचा होता, आणि वर देवाच्या नावाची खूण, तुम्ही घालता आणि मीही या पत्राच्या माथ्यावर घातली आहे तीच. इथे वारा फार, कागद गटारात जातात. खूण असली की पत्र फाडता येत नाही, जाळता येत नाही. यापुढे ती घालूच नये असं मला वाटतं. तुम्ही म्हणाल तसं.

सिपोराचे तुम्हाला शालोम. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुमचा
दानियल


पनवेल
गुरुवार, १३ जून १९५७

चि. दानियल यास अनेक आशीर्वाद. मी सांगतो आहे, शकू लिहिते आहे.

तुझं पत्र टपालवाल्या काशिरामने काल आणून दिलं. खुणेचं म्हणतोस ते मला पटलं. शेजारपाजारचे श्री लिहितात, त्या जागी आपण ती खूण घालत आलो. पण त्याचं नाव गटारात जाणार असेल तर न लिहिलेलं बरं. म्हणून आज माथा कोरा ठेवला आहे. आत देवाची नावं येतील तीही एकेक अक्षर फिरवून सांगतो, म्हणजे खरं नाव कागदावर पडत नाही. तू मास्तराचा मुलगा आहेस, ओळखशील.

मूळ चार अक्षरांचं नाव उच्चारायचं नसतं. त्या जागी आपण जे म्हणतो त्याचा अर्थ नुसता धनी. एलोकीम म्हटलं की तो न्याय करणारा. त्याच्यापुढे पोरीला नेऊ नकोस, न्यायाला उभं राहिल्यावर कोण टिकतं? राहिला शक्काय. तुझ्या दाराच्या चौकटीवर त्याचंच अक्षर आहे. पंडित त्याचा अर्थ दहा तऱ्हांनी सांगतात. माझे आजोबा सांगत की जग पसरत चाललं होतं तेव्हा ज्याने म्हटलं पुरे, तो हा. दुखण्यालाही पुरे म्हणायचं ते त्यानेच. सकाळी त्याला त्या नावाने हाक मार.

एस्तेर नाव ठेवलंत तेव्हा मी कुरकुर केली होती. एस्तेरच्या अख्ख्या पोथीत देवाचं नाव एकदाही येत नाही. आता पोरीला असं नाव जोडू की त्यात तो असेल. तुझ्या दानियलमधला एल म्हणजे तोच. माझ्या वडिलांचं नाव शमुएल, गावाने त्याचं सामाजी केलं. एल गेला आणि जी आला. तरी ऐंशी वर्षं जगले. पोरीसाठी मी बिथ्या काढलं आहे. बिथ म्हणजे लेक, आणि शेवटचा या हा त्याच्या नावाचा तुकडा. माणसाच्या नावात आला तर लिहायला हरकत नाही. बाळ मोशेला नदीतून उचलणाऱ्या राजकन्येचं हे नाव. देवाची लेक म्हटल्यावर तिला हात कोण लावील?

दहा पुरुष जमव. नियमशास्त्राची गुंडाळी बाहेर काढलेली असताना पुकारायचं, बिथ्या एस्तेर, सिपोराची मुलगी. मग घरात सगळ्यांनी बिथ्याच म्हणायचं. शकू तार करू म्हणत होती, मी नको म्हटलं. सिपोरा घरी एकटी, आणि चिरनेरच्या माणसाला तारेचा एकच अर्थ कळतो. उगाच छातीत धडकी भरायची.

पोरीच्या कपाळावर माझा म्हणून हात ठेव. इकडची काळजी करू नये, लोभ आहेच.

एलोजी सामाजी शिरढोणकर

ता. क. दानू, मी शकू. पत्र चिकटवलं होतं ते पुन्हा सोडवलं, त्यात वरचा कोपरा फाटून आला. बाबांना दिसलं नाही. कमळाबाईंच्या भाच्याला अशीच सूज होती, मीठ बंद केल्यावर उतरली. एस्तेरला मिठाचं काही देऊ नका. हे विसरू नकोस.


बीरशेबा
रविवार, ३० जून १९५७

शकूताई,

शोकात बसलेल्याने पत्र लिहू नये म्हणतात, पण लिहितो. बाबा गेले आणि तू तार केली नाहीस. एवढं कसं झालं तुझ्याच्याने?

तुझं पत्र बुधवारी आलं, मी कारखान्यात होतो. सिपोराने हातात घेऊन आधी माथा बघितला, नेहमी बघते तसा. खूण नव्हती. कोपरा फाडलेला होता. तिला अक्षर येत नाही, पण मरणाच्या पत्रावर श्री नसतो आणि त्याचा कोपरा फाडलेला असतो, हे गावाकडे पोराटोरांनाही कळतं. असलं पत्र घरात ठेवत नाय, आजारी पोर असताना तर नायच, असं म्हणून तिने ते तसंच अंगणात नेऊन फाडलं आणि जाळलं. शुक्रवारी मी आलो तर दारातच बसली होती. मी अंगातला सदरा फाडला. त्या दिवसापासून रोज प्रार्थनेत उभा राहून बाबांच्या मागे बाबांसाठी कद्दिश म्हणतो आहे.

कसे गेले ते लिही. फार हाल झाले का? माझं काही म्हणाले का? आणि ताई, पोरीचं नाव त्यांनी ठरवलं होतं का? त्या पत्रात असेल तर पुन्हा लिही. एस्तेरला हॉस्पिटलात ठेवली आहे. आता ती पाणीही मागत नाही. शेजारीण पुन्हा हया म्हणाली, पण सिपोरा म्हणते मामंजी सांगून गेले असतील तर त्यांचा शब्द मोडेल. मला नाही म्हणवलं नाही. तुझं उत्तर येईपर्यंत थांबतो.

आता तूच तेवढी मोठी उरलीस, हात आखडू नकोस.

दानियल


ה׳

पनवेल
बुधवार, १० जुलै १९५७

चि. दानू यास आशीर्वाद.

बाबा जिवंत आहेत. धडधाकट आहेत. आधी हे दोनदा वाच.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला बसले आणि दुसऱ्या ओळीलाच थांबले. बाबांनी विचारलं कोण गेलं. मी म्हटलं तुम्ही. आधी ते हसले. आपल्यामागे कद्दिश नीट म्हटला जाईल की नाही ही काळजी होती, ती मिटली म्हणाले. मग एकाएकी विचारलं, म्हणजे नाव पुकारलंच नाही का. मी नाही म्हटलं. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून बसले आहेत. समोर घावन ठेवले होते, ते तसेच आहेत.

मी धावत जाऊन तार केली आहे, बाबा जिवंत, पोरीला बिथ्या म्हणा. हे पत्र पोचेल तेव्हा तुम्ही तिला त्या नावाने हाका मारत असाल. ते पत्र मरणाचं नव्हतं रे. त्यात नाव होतं, पुकारायचं कसं ते होतं, आणि माझं मिठाचं होतं की तिला मीठ देऊ नका. तू खूण नको म्हणालास म्हणून बाबांनी घातली नाही. कोपरा माझ्या हातून फाटला. पन्नाशीची बाई मी, कोपरा फाटला की काय समजतात हे मला ठाऊक नव्हतं का? पण मिठाचं लिहायच्या घाईत ते मनातही आलं नाही. बाबांना कोपऱ्याचं अजून सांगितलेलं नाही, धीर होत नाही.

उलट टपाली पोरीचं कळव. रागावलास तरी चालेल, पण लिहिणं सोडू नकोस.

तुझी
शकूताई


बीरशेबा
रविवार, २१ जुलै १९५७

शकूताई,

तार ११ तारखेला, गुरुवारी आली. एस्तेर मंगळवारीच गेली होती.

तार सिपोराच्या हातात पडली. या वेळी तिने फाडली नाही, दोन्ही हातांत धरून मी प्रार्थनेहून येईपर्यंत उभी राहिली. मी वाचून सांगितलं. तिने बिथ्या हा शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला. त्यानंतर ती चुलीजवळ गेलेली नाही. तुझं पत्र परवा आलं. मिठाचं मी तिला वाचून दाखवलं नाही. पोर दुसरं काही खात नव्हती, म्हणून आम्ही तिला रोज ते खारे ऑलिव्ह देत होतो.

खूण नको हे मीच लिहिलं होतं, आणि घरात सांगायचं विसरलो. हे सिपोराला चार वेळा सांगितलं. ती आपल्या हाताकडे बघत राहते. मला दुसरंच एक कुरतडतं आहे. लहान पोरासाठी कद्दिश नसतो असं इथल्या एकाने सांगितलं, म्हणून तिला पुरल्यावरही मी उभा राहून बाबांसाठीच म्हणत होतो. पोर मातीत, आणि मी जिवंत माणसाला पोचवत होतो.

बाबांना काय सांगायचं ते तू ठरव. आम्हाला टाकू नका.

दानियल


ה׳

पनवेल
गुरुवार, १ ऑगस्ट १९५७

चि. दानियल व चि. सौ. सिपोरा यांस अनेक आशीर्वाद.

वाचायच्या आधी माथ्यावरची खूण सिपोराला दाखव. तिने बघितली की पुढे वाच.

हे मी माझ्या हाताने लिहितो आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, सांभाळून घे. शकूने तुझं पत्र अख्खं वाचून दाखवलं, कोपऱ्याचंही सांगितलं आणि फार रडली. तू खूण नको म्हणालास, तिने कोपरा फाडला, सिपोराने कागद जाळला. सगळं खरं, पण माथा कोरा मी ठेवला. तार मी करू दिली नाही. देवाच्या नावाला चिखल लागू नये म्हणून जपत बसलो आणि पोरीचं नाव पोरीपर्यंत पोचलं नाही. तो आपलं नाव सांभाळायला समर्थ होता. त्याला माझी गरज नव्हती, तिला होती. मला त्याचाही राग आला आहे आणि तो उतरत नाही. तरी रोज मशिदीत जाऊन उभा राहतो, कारण दुसरं काही येत नाही.

थडग्यावर बिथ्या कोरू नका. त्या नावाने तिला कुणी हाक मारली नाही, ती ओळखणार नाही. एस्तेरच राहू दे.

कद्दिशचं मनाला लावून घेतलंस. त्याचे शब्द आठव. त्याचं थोर नाव मोठं होवो असं आपण म्हणतो, पण ते नाव कुठलं हे त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत येत नाही. गेलेल्या माणसाचंही येत नाही. लहानपणी तूच मला विचारलं होतंस, मग ते पोचतं कुणाला. तेव्हा मी तुला गप्प बसवलं. आज सांगतो. तू दोन आठवडे उभा राहून म्हटलंस त्यावर माझं नाव नव्हतं, आणि मी इथे बसून घावन खात होतो. ते सगळं तिला पोचलं. लहान पोरासाठी नसतो म्हणणाऱ्याला सांग, पनवेलच्या एलोजी मास्तरांनी म्हणायला सांगितलं आहे. माझी वेळ येईल तेव्हा माझ्यासाठी वेगळा म्हण.

सिपोरा, आता हे तुला. मागच्या पत्रात मी एक नाव अक्षर फिरवून घातलं होतं. आज सरळ लिहितो, शद्दाय. पुरे म्हणणारा. पोरीच्या दुखण्याला त्याने पुरे म्हटलं नाही. तुझ्या जिवाच्या काहिलीला तो कधी म्हणेल, मला ठाऊक नाही. त्याची वाट बघत बसू नकोस. तुझ्या सासऱ्याने म्हटलं असं धर. पुरे, पोरी. चूल पेटव, दानियलला जेवायला वाढ आणि त्याच्याबरोबर तूही दोन घास खा.

हे पत्र मरणाचंच आहे, पण यावर त्याचं नाव आहे. फाडता यायचं नाही आणि जाळताही यायचं नाही. तुझ्या पेटीत, पोरीच्या कपड्यांत ठेव.

लोभ तुटू देऊ नये.

तुमचा, अजून जिवंत
एलोजी सामाजी शिरढोणकर