दोन बोटं अलीकडे

७ जानेवारी, मंगळवार

पुनमने मारलं नाही.

सकाळपासून डोक्यात हे एकच वाक्य. ब्लॅक बेल्ट. राज्य स्पर्धेत रौप्यपदक. माझ्या कराटेच्या वर्गात नऊ वर्षं. काल संध्याकाळी कॉलेजातून येताना नदीकाठच्या रस्त्यावर एका मुलाने तिला मागून धरलं. तिच्या गल्लीतलाच. ती वळली, ठोसा टाकला — अचूक, नाकाच्या रेषेत — आणि दोन बोटं अलीकडे थांबवला. मग एक पाऊल मागे येऊन उभी राहिली. पंच गुण देईल म्हणून!

त्याने मनगट पिरगाळून मोडलं. झुडपांकडे ओढलं. समोरून टेम्पो आला म्हणून पळाला.

दवाखान्यात म्हणाली, "मॅडम, लागला असता तर फाउल ना?" आणि हसली.

स्पर्धेत ठोसा लागला की फाउल, थांबवला की गुण. हे तिला मीच शिकवलं. रोज.

८ जानेवारी

वर्गात एकतीस मुली रांगेत. "मारा" म्हटलं. एकतीस ठोसे हवेत थांबले. सुंदर दिसत होतं.

वर्ग तिथेच सोडला.

९ जानेवारी, गुरुवार

पुनमने दिलेल्या तक्रारीसाठी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात. त्या मुलाच्या काकाने साहेबांना मोबाइलवर फोटो दाखवला — माझ्या वर्गाचा फ्लेक्स. पुनम हवेत, लाथ ताणलेली. खाली मोठ्या अक्षरांत : 'हात लावून दाखवा!' हे शब्द माझेच.

साहेब मला म्हणाले, "मॅडम, एवढी मेडलवाली पोरगी, अन् एक फाइट नाही मारली? पोरीच्याच मनात असलं, तर ती कशाला मारेल?"

काका म्हणाला, "आमचाच पोऱ्या वाचला म्हणायचं, साहेब!" दोघं हसले.

पुनम प्लास्टरकडे बघत होती. तिचे वडील प्रेमराजभाऊ उठले. "चाल, पोरी. घरी."

मी साहेबांना विचारलं, तिला खरं मारता येतच नाही असं कोणी जबाबात सांगितलं तर?

"कोण सांगणार?"

१० जानेवारी

पुनमच्या घरी गेले. आई कमलबाई जिनिंग कारखान्यातून नुकत्याच आल्या होत्या, केसांत कापूस. दार अर्धंच उघडलं.

"नऊ वरीस पोरले तुनाकडे धाडं. काय शिकाडं तू तिले?"



आतून प्रेमराजभाऊंचा आवाज — सोमवारी तक्रार मागे घ्यायची. विषय संपला.

११ जानेवारी

जळगावला अभिमन सरांना फोन. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. जबाब देणार म्हणून सांगितलं.

"ठोसा थांबवता येणं हीच विद्या आहे, मृणाली."

"सर, तुम्हाला कधी कोणी मारलंय? खरं?"

"नाही."

"मलाही नाही."

"तुझा वर्ग बंद पडेल. इकडे माझाही." फोन ठेवला.

बावीस वर्षांत मी कोणाला मारलेलं नाही. मला कोणी मारलेलं नाही. आणि मी स्वसंरक्षण शिकवते!

१३ जानेवारी, सोमवार

प्रेमराजभाऊंच्या आधी ठाण्यात पोचले. जबाब दिला. हवालदाराने दोनदा विचारलं, "असंच लिहू?"

असंच. 'मी शिकवते तो खेळ आहे. माझ्याकडे शिकलेली मुलगी या खेळाच्या जोरावर स्वतःला वाचवू शकत नाही. मी तिला न मारायला शिकवलं. मला दुसरं काही येत नाही.'

हवालदाराने मोठ्याने वाचून दाखवलं. तोवर प्रेमराजभाऊ आणि कमलबाई आले होते. कमलबाईंनी भिंतीला टेकून सगळं ऐकलं. नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्याला बाहेर घेऊन गेल्या.

तक्रार राहिली.

१४ जानेवारी

संक्रांत. माझा जबाब गावभर झालाय. पालकांच्या ग्रुपवर 'फसवणूक' हा शब्द सतरा वेळा. तिळगूळ द्यायला एकही मुलगी आली नाही.

१६ जानेवारी

एकतीसपैकी चार.

२० जानेवारी

कोणी नाही. एकटीच रिकाम्या हॉलमध्ये उभी राहिले. सवयीने पाय जागेवर गेले, मूठ वळली. लाज वाटली.

दादाचा एरंडोलहून फोन. त्याच्या ओळखीच्या शाळेत कवायत शिकवायला जागा आहे. "पोरी हात वर करतील, खाली करतील. कोणाला काही व्हायचं नाही."

हो म्हटलं. पुढच्या सोमवारी हॉलची किल्ली परत.

२७ जानेवारी, सोमवार

किल्ली द्यायला सकाळी सहाला गेले. पायरीवर कमलबाई. मागे जिनिंगच्या आठ-नऊ बायका, हातात डबे, पदर खोचलेले.

म्हटलं, मला खरं मारायला येत नाही हो.

"हाई तं तूच लिखी दिधं ना? आमले मार कसा लागस ते माहीत शे. चाल, आमनासंगे शीक."

कुलूप काढायला वळले. मागून त्यांच्यातल्याच एकीने माझी वेणी गच्च धरली.